गोटा म्हणजे गोल बारबेल नव्हे

तांबडीमाती (धागा)
परवाच्या धाग्यात एका सदस्याने लिहिलं होतं : "स्ट्राँगमनसाठी वेगळं काही करायची गरज नाही. डेडलिफ्ट अडीचशेवर न्या, ॲटलस स्टोन आपोआप उचलला जातो." (नव्यांसाठी : स्ट्राँगमन म्हणजे अवजड वस्तू उचलायच्या स्पर्धा, ॲटलस स्टोन म्हणजे त्यातला सिमेंटचा गोल गोटा, डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचा बार कमरेपर्यंत उचलणं; आकडे किलोत.) दोन दिवस गप्प बसलो. पण खाली चार नवी पोरं "धन्यवाद सर" लिहून गेलीत, म्हणून हा वेगळा धागा.

माझी डेडलिफ्ट २४० होती तेव्हा ११५ किलोच्या सिमेंटच्या गोट्याला पहिल्यांदा हात घातला. गुडघ्यापर्यंतही आला नाही. बार मुठीत मावतो, नडगीला घासत सरळ वर येतो. गोटा मुठीत येतच नाही. तो दोन पायांच्या मध्ये घ्यायचा, बोटं फाकवून हात जमतील तेवढे खाली सरकवायचे, पाठीला पोक काढून त्याला चिकटायचं आणि आधी मांडीवर घ्यायचा. तिथे बूड खाली घेऊन उकिडवं बसायचं. मग हात सोडवून वरून पुन्हा कवेत घ्यायचा, श्वास भरायचा आणि कंबर पुढे झोकत उठायचं. यातलं काय शिकवते डेडलिफ्ट?

२०२० मध्ये आइसलँडचा स्ट्राँगमन ब्यॉर्नसनने ५०१ किलोची डेडलिफ्ट मारली. त्याच वर्षी २८६ किलोचा गोटा आडव्या दांड्यापलीकडे टाकला तो स्कॉटलंडच्या टॉम स्टोल्टमनने. दोन माणसं, दोन कसब.

लोखंडी_भाऊ
तो सदस्य मीच. स्टोल्टमनची डेडलिफ्टही चारशेच्या वर आहे, ते सोयीस्कर गाळलंत. ब्यॉर्नसनही गोट्यात कधी कच्चा नव्हता. पाया नसेल तर कसब कशावर उभं करणार? आणि आमच्या जिममध्ये हाताला चॉकची पूड लावली तरी मालक ओरडतो, तिथे गोटा कुठून आणू? ११५ चा गोटा माझ्या पहिल्याच दिवशी छातीपर्यंत आला होता.

रेझिन
टॅकी, म्हणजे तो चिकट राळेचा लेप, लावून की कोरड्या हाताने? ते सांगा, मग बोलू.

लोखंडी_भाऊ
टॅकी लावून. स्पर्धेत चालते ना?

वस्तादांचा_नातू
इथेच सगळं नासलं. हाताला डिंक फासून उचललेलं वजन मी वजन धरत नाही. आमच्या गावच्या तालमीसमोर काळा गोटा होता. आजोबा जोर-बैठका झाल्या की लाल माती हाताला चोळून तो खांद्यावर घ्यायचे. आइसलँडचा हुसाफेल्लचा दगड १८६ किलोचा. तो छातीशी धरून चालणाऱ्या मेंढपाळांकडे टॅकीचा कुठला डबा होता?

रेझिन
तुमच्या आजोबांचा गोटा कातळाचा, खडबडीत. हुसाफेल्लचा दगड चपटा, त्याला कड आहे. साच्यातून काढलेला गुळगुळीत सिमेंटचा गोळा कोरडा उचलून दाखवा, मग डिंक म्हणा. टॅकी लावणं हेसुद्धा कसबच आहे. मे महिन्यात ती तुपासारखी पातळ होऊन कोपरापर्यंत ओघळते, डिसेंबरात सकाळी दगड होते. मी डबा शर्टाच्या आत पोटाशी धरून बसतो. घरी येऊन गोडेतेलाने अर्धा तास हात चोळावे लागतात. हे न करता फुकटची वजनं मिळतात असं म्हणणाऱ्यांनी एकदा करून बघावं.

वस्तादांचा_नातू
आजोबांवर जाऊ नका. तुम्ही डब्याच्या जोरावर पैलवान, ते अंगच्या जोरावर.

रेझिन
आजोबांना धाग्यात कोणी आणलं?

फिजिओ_पुणे
भांडण थांबवा दोघांनी. टॅकी असो वा नसो, नवी पोरं गोटा हाताने *ओढतात*, कोपर वाकवून. दंडाचा स्नायू तिथे तुटतो. माझ्याकडे आलेल्या एका मुलाची डेडलिफ्ट २६० होती. गोटा मांडीवर घेताना त्याने हिसका दिला आणि कोपराजवळ कापड फाटल्यासारखा आवाज आला. बायसेप वर गोळा होऊन बसला होता. शस्त्रक्रिया, मग कित्येक महिने घरी. अडीचशेची ताकद होती म्हणूनच तो इतक्या जोरात ओढू शकला. भाऊ, "आपोआप" हा तुमचा शब्द मला म्हणून खटकला.

तांबडीमाती
ताई, हेच सांगायचं होतं. मी सहा महिने ८० किलोच्या, म्हणजे १६ इंची गोट्यावर काढले. फक्त मांडीपर्यंत. हाताच्या आतल्या बाजूला रक्ताचे जांभळे ठिपके उठायचे, ऑफिसात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून जायचो. त्या सहा महिन्यांत डेडलिफ्ट एक किलोने वाढली नाही. ११५ चा मात्र दांड्यावर गेला. कोरड्या हाताने, नातूसाहेब.

लोखंडी_भाऊ
"आपोआप" मागे घेतो. बाकी काही मागे घेत नाही. ज्याची डेडलिफ्ट १२० आहे त्याने गोट्याच्या नादी लागू नये, आधी दोन वर्षं बार उचलावा.

फिजिओ_पुणे
दोन वर्षं कशाला? ४० किलोचा गोटा पहिल्या महिन्यापासून चालेल. कोपर सरळ ठेवायची सवय तेव्हाच लागते.

लोखंडी_भाऊ
४० चा ठीक आहे. पण गोटा आणायचा कुठून, याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

रेझिन
फायबरचा साचा माझ्याकडे आहे, १६ इंची. सिमेंट, वाळू, खडी तुमची. आठवडाभर ओल्या गोणपाटात ठेवा, घाई केलीत तर पहिल्याच आपटण्यात तडकेल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.