जपानी रामायण ॲनिमेशन: गल्लीत पोरांना दाखवावं का?

निपाणीकर: यूगो साको आणि राम मोहन या दिग्दर्शकांचं रामायण गणपतीत दाखवायचा विचार चाललाय. टीव्हीवर बघितलं तर हालचाल घसरल्यासारखी दिसू लागलीय. जुनं म्हणून की काय? सांगा की.

शहापूर_गल्ली: दोष टीव्हीचा. सेकंदाला २४ फ्रेम असतात, पण हातानं काढलेलं एक चित्र बहुधा दोन फ्रेम धरतात, म्हणजे १२ चित्रं. टीव्हीचं 'मोशन स्मूदिंग' मधल्या जागा आपल्या मनानं भरतं नि रेघा पुसट होतात. पिक्चर सेटिंगमध्ये ते बंद करा, शार्पनेसही उतरवा. बाजूच्या काळ्या पट्ट्या घालवायला चित्र ताणू नका, राम बुटका दिसतो!

खानापूरकर: मूळ लांबी १३५ मिनिटं. अमेरिकेसाठी कापलेली आवृत्ती दीड तासाच्या आसपास, ती नको. गोष्ट विश्वामित्र रामाला न्यायला येतात तिथून. उत्तरकांड नाही. कुंभकर्ण मात्र मोठ्या पडद्यावरच बघावा.

निपाणीकर: आणि भाषा?

शहापूर_गल्ली: जुनं हिंदी डबिंग मिळालं तर तेच. राम अरुण गोविल, रावण अमरीश पुरी. तो आवाज ऐकला की पोरं गप्प. मंडपात दाखवायचं तर हक्कधारकाची परवानगी आधी काढा.