मदत हवी आहे: कळ्याच येत नाहीत

बाल्कनी_कर्वेनगर: डिसेंबर उजाडला, एक कळी नाही. पानं हिरवीगार, उंची कमरेपर्यंत. शेणखत झालं, पेंडीचं पाणी झालं. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं प्रदर्शन बघून दरवर्षी जीव जळतो. पटकन सांगा.

मोगरावेडी: थंडीत येणारच नाही. जानेवारीअखेर छाटा, पानं ओरबाडा, उन्हाळ्यात बघा.

बाल्कनी_कर्वेनगर: शेवंती आहे हो! डिसेंबरात दुसरं काय असणार?

मोगरावेडी: मग तसं लिहायचं ना.

देवगडी: कल्टार घाला. मोहोर आणायचं औषध. आमच्या हापूसला दरवर्षी घालतो.

पानदेठ: कुंडीत कल्टार? ते झाडातलं जिबरेलिन, म्हणजे वाढीचं संप्रेरक, दाबतं. आंब्यात जिबरेलिन मोहोराच्या आड येतं, म्हणून तिथे चालतं. शेवंतीचं गणित रात्रीचं आहे. रात्री कुंडीवर उजेड पडतो का?

देवगडी: बाग आम्ही करायची, शिकवणार तुम्ही.

सालपाणी: केळ्याची साल तीन दिवस भिजवा. खात्रीशीर.

बाल्कनी_कर्वेनगर: उजेड? सोसायटीने गणपतीत पार्किंगला एलईडी लावलाय. रात्री बाल्कनीत पेपर वाचता येतो. त्याचा काय संबंध?

पानदेठ: तोच तर आहे! रात्र किती लांब हे पानं मोजतात, शेंडा नाही. रात्र पुरेशी लांब झाली की पानात एक प्रथिन तयार होतं आणि अन्नरसाबरोबर शेंड्याला पोचतं. मग पानांऐवजी कळ्या. चायलाख्यान या रशियातल्या शास्त्रज्ञाने शेवंतीवरच प्रयोग करून 1937 च्या सुमारास त्याला फ्लोरिजेन नाव दिलं, पण पदार्थ हाती लागला 2007 मध्ये. वर 2013 मध्ये रानशेवंतीत उलटा निरोपही सापडला: रात्री उजेड पडला की पानं ‘फुलू नको’ सांगणारं प्रथिन बनवतात. खतं घालून काय होणार? संध्याकाळी सहा ते सकाळी आठ खोकं पालथं घाला, रोज. पॉलिहाऊसवाले काळं कापड ओढतात ते याचसाठी. तीन-चार आठवडे धीर धरा.

सालपाणी: साल घालून खोकं ठेवा, दोन्ही होईल.

पार्किंगग्रस्त: तो दिवा बंद करायला अर्ज देऊन बघाच. आमच्याकडे एका खांबावरून दोन वर्षं बोलणं बंद आहे.

बाल्कनी_कर्वेनगर: आत्ता टॉर्च घेऊन बघितलं. एक फांदी एसीच्या मागे लोंबतेय, तिथे दिव्याचा उजेड पोचत नाही. तिच्या टोकाला ज्वारीएवढे चार हिरवे मणी आहेत! फ्रिजचं खोकं मागच्याच आठवड्यात रद्दीत दिलं.