देणगी मागण्याची नोकरी: बिझनेस स्कूलच्या माजी विद्यार्थ्यांकडून निधी उभारतानाचे अनुभव

धागाकर्ती (अमेरिका, मिडवेस्ट)

गणपतीची वर्गणी मागायला आलेली पोरं दिसली की आतल्या खोलीत गुप्त होणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. माझी नोकरी म्हणजे त्या काकांना वर्षभर भेटत राहणं. एका सरकारी विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलसाठी मी माजी विद्यार्थ्यांकडून देणग्या मिळवते. पगार ठरलेला, कमिशन नाही. (हा प्रश्न हमखास येतो. आणलेल्या रकमेवर टक्केवारी घेणं या पेशाच्या आचारसंहितेत बसत नाही.)

यादीत शंभर-सव्वाशे नावं असतात. पहिल्या भेटीत पैशाचा विषय काढायचा नाही. कॉफी प्यायची, कोणते प्राध्यापक आठवतात, पहिली नोकरी कशी लागली, ते ऐकायचं. मोठी देणगी ठरेपर्यंत वर्ष-दोन वर्षं सहज जातात. मागायची वेळ आली की आकडा स्पष्ट सांगायचा आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं मला अजून जड जातं. ‘नाही जमलं तरी काही हरकत नाही हं’ हे वाक्य जिभेच्या टोकावर असतं, आणि ते गिळण्याचाच पगार मिळतो.

एमबीए मंडळींची गंमत वेगळीच. लाख डॉलर देऊन आईवडिलांच्या नावे शिष्यवृत्ती सुरू केली की दरवर्षी एका मुलाची फी निघेल, अशी बहुतेकांची कल्पना असते. प्रत्यक्षात मुद्दल गुंतवून तसंच ठेवून दरवर्षी साधारण चार-साडेचार टक्केच खर्चाला काढतात. म्हणजे चार-साडेचार हजार डॉलर. हे ऐकून कलाशाखेचा माणूस हिरमुसतो. आमचा माणूस विचारतो, ‘उरलेला परतावा जातो कुठे?’ मग महागाई आणि बाजार आपटलेली वर्षं मांडून दाखवावी लागतात. खरं सांगायचं तर मला हेच लोक आवडतात. कागद वाचून सही करणारा देणगीदार पुढे रुसत नाही.

नावाचा सोस तर विचारूच नका. डेव्हिड बूथ यांनी ३० कोटी डॉलर दिले आणि २००८ मध्ये शिकागोची बिझनेस स्कूल ‘बूथ’ झाली. त्याआधी २००४ मध्ये १० कोटींवर मिशिगनची ‘रॉस’. उलटं उदाहरण विस्कॉन्सिनचं. तिथे २००७ मध्ये काही माजी विद्यार्थ्यांनी मिळून साडेआठ कोटी डॉलर दिले, ते किमान २० वर्षं स्कूलला कुणाचंही नाव लागू नये म्हणून!

मागणारे, देणारे, पावत्या फाडणारे, सगळ्यांनी लिहा.

फोनवाली

अमेरिकेत मास्टर्स करताना मी कॅम्पसवर फोन करण्याचं काम केलंय. संध्याकाळी लोक जेवायला बसले की आम्ही सुरू. स्क्रीनवर नाव, बॅच, मागच्या वर्षी किती दिले ते. पहिली मागणी मोठी, मग उतरत यायचं. गेल्या वर्षी दिले पण यंदा नाही, अशांना ‘लायबंट’ म्हणत, आणि हीच यादी सगळ्यांना हवी असायची, कारण ते परत देण्याची शक्यता जास्त. नवे पदवीधर ‘आधी माझं कर्ज फिटू दे’ म्हणून फोन ठेवायचे, त्यांचं काही चुकतही नव्हतं.

पंचवीस डॉलरसाठी एवढी यातायात कशाला, असं मलाही वाटायचं. पण ‘यू.एस. न्यूज’ या अमेरिकी प्रकाशनाच्या कॉलेज क्रमवारीत किती टक्के माजी विद्यार्थी देणगी देतात याला गुण होते. रक्कम नव्हे, डोकी मोजायची. २०२३ मध्ये त्यांनी तो निकष काढून टाकला.

पावतीवाली (पुणे)

इथे चित्र वेगळं आहे. आमची संस्था ट्रस्टची, विद्यापीठाशी संलग्न. अहमदाबादच्या आयआयएमने २०२० मध्ये दहा माजी विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने १०० कोटींचा एंडॉवमेंट फंड (मुद्दल न मोडता उत्पन्नातून खर्च करायचा निधी) सुरू केल्याची बातमी आली, आणि आमच्याकडच्या प्रत्येक मीटिंगमध्ये ‘आपण का नाही?’ सुरू झालं. कारण आपल्याकडे पत्त्यांची यादीच नाही, हे कोणी ऐकून घेईना.

त्या यादीबद्दल लिहायलाच हवं. जुन्या रजिस्टरात मुलींची माहेरची नावं. लग्नानंतर आडनाव बदललं, मधलं नाव बदललं, काहींचं तर पहिलंही. लिंक्डइनवर शोधून त्या सापडणार कशा? ऐंशीच्या दशकातल्या बॅचमधल्या मुली आमच्या दृष्टीने हरवलेल्याच. त्यातल्या कुणी बँकेत जनरल मॅनेजर झाल्या असतील, कुणी स्वतःचा कारखाना चालवत असतील, आणि आम्ही पत्रं धाडतोय ती फक्त मुलांना. शेवटी बॅचमधल्या एका मावशींना हाताशी धरलं. त्यांनी चहा पिता पिता अर्धं रजिस्टर भरून दिलं. कोणत्याही सॉफ्टवेअरला ते जमलं नसतं.

दुसरं दुखणं कागदपत्रांचं. देणगीवरची ८०-जीची करसवलत हवी तर दोन हजारांपेक्षा जास्त रोख चालत नाही. पॅन नंबर मागितला की समोरचा सावध होतो. वर्षाचे तपशील १०-बीडी फॉर्ममध्ये ३१ मेपर्यंत भरायचे, मग १०-बीई प्रमाणपत्र निघतं. आणि नव्या करप्रणालीत गेलेल्यांना ही वजावट मिळतच नाही, त्यामुळे मार्चअखेरचे आमचे हुकमी फोन निम्मे मुके झाले.

त्यात एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा. एका बाकावर बसलेले दोन मित्र, दोघेही न्यू जर्सीत. ज्याचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्याची वैयक्तिक देणगी परदेशी धरत नाहीत. ज्याने अमेरिकन नागरिकत्व घेतलं तो, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) असलं तरी, ‘परदेशी स्रोत’. त्याच्याकडून घ्यायचं तर संस्थेची एफसीआरए नोंदणी हवी, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत. हे बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर समजावून सांगा बरं! ‘अरे, मी काय परका झालो का?’ एवढंच उत्तर येतं.

लंडनकर

इथे गिफ्ट एड आहे. ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्याने १०० पौंड दिले आणि फॉर्मवर टिक केली, की संस्थेला सरकारकडून आणखी २५ मिळतात. पण बिझनेस स्कूलचे आमचे माजी विद्यार्थी शांघाय, लागोस, मुंबईत विखुरलेले. त्यांचा कर इथे नाही, म्हणजे ते २५ही नाहीत.

माझं काम संशोधनाचं: कोणाची ऐपत किती. कंपनी नोंदणीची कागदपत्रं कोणीही बघू शकतो, पण ती माणसाच्या नावाशी जोडून ठेवायची तर त्याला तसं कळवलेलं असावं लागतं. २०१६ मध्ये दोन मोठ्या धर्मादाय संस्थांना देणगीदारांच्या श्रीमंतीची परस्पर छाननी केल्याबद्दल दंड झाला. तेव्हापासून मी ‘बंगला मोठा आहे’ असलं काहीही लिहीत नाही. उद्या त्याच माणसाने आपली फाइल मागितली तर दाखवावी लागेल.

देणारा

मी दुसऱ्या बाजूचा. संस्थेतून फोन येतो तो पैशासाठीच. एरवी आमच्या बॅचमधल्या दोघांच्या नोकऱ्या गेल्या तेव्हा कोणी विचारलं नाही. तरी द्यायला तयार होतो, वसतिगृहाच्या स्वच्छतागृहांसाठी. तर म्हणे, सेमिनार हॉलला तुमच्या वडिलांचं नाव देऊ. वडील आयुष्यात सेमिनारला गेले नाहीत हो.

धागाकर्ती

@देणारा, नोकऱ्यांचं म्हणणं शंभर टक्के मान्य. आमच्याकडे करिअर सेंटर आणि आम्ही वेगवेगळ्या मजल्यांवर बसतो, तेच तिथे झालं असणार. स्वच्छतागृहांसाठी मात्र तुमच्यासारखा माणूस मला अजून भेटायचाय. इथे नव्या इमारतीला रांग लागते आणि जुन्या इमारतीच्या गळक्या छपराला कोणी विचारत नाही.

पावतीवाली (पुणे)

@देणारा, अजून द्यायचे असतील तर चेकसोबत पत्र द्या आणि त्यात उद्देश स्वच्छ लिहा: वसतिगृहातील स्वच्छतागृहांची दुरुस्ती. पोच मागून घ्या. आणि कोणी कितीही आग्रह केला तरी पत्रात ‘कॉर्पस’ शब्द येऊ देऊ नका. तो आला की मुद्दल गुंतवून ठेवणार, आणि नळ बसवणार व्याजातून.