टी-२०६ बेसबॉल कार्डं: अस्सल की रिप्रिंट?

जर्सीकर: इथे न्यू जर्सीत एका इस्टेट सेलमध्ये टी-२०६ मालिकेची (१९०९-११, सिगारेटच्या पाकिटांतून मिळणारी बेसबॉलपटूंची चित्रं) तीन कार्डं आहेत, ग्रेडिंग (कंपनीकडून तपासून दर्जा ठरवणं) न झालेली. दोनांच्या पाठीवर पीडमाँट सिगारेटची जाहिरात, एकावर अमेरिकन ब्युटी सिगारेटची. अमेरिकन ब्युटीचं कार्ड बाकीच्यांपेक्षा अरुंद दिसतं, कडा कापल्या असतील का? एका पीडमाँटच्या पाठीला अल्बमचा काळा कागद चिकटलाय. हातात घेऊन बघू देतात. काय काय तपासू?

भिंगवाले: दहापट भिंग न्या आणि चित्राआधी खालचं नाव बघा. ही कार्डं लिथोग्राफीने, म्हणजे प्रत्येक रंगाची शाई वेगळी छापून बनवलेली आहेत, त्यामुळे खेळाडूचं नाव आणि गाव तपकिरी शाईत सलग उमटलेलं असतं. रिप्रिंट बहुतेक मूळ कार्डाच्या फोटोवरून चार रंगांत छापतात, म्हणून त्यात अक्षरंही रंगीत ठिपक्यांची होतात आणि कडेला विरतात. चेहऱ्यावर ठिपके दिसले तर दचकू नका. अस्सल कार्डातही असतात, फक्त ते विखुरलेले असतात. रिप्रिंटमध्ये जाळीसारखे ओळीने येतात.

सोबत यूव्ही टॉर्च ठेवा. त्या काळच्या कागदात चकाकी आणणारी रसायनं नव्हती. पुठ्ठा अंधारात निळसर पांढरा उजळला तर व्यवहार तिथेच थांबवा. उजळला नाही म्हणजे अस्सलच, असं मात्र नाही. डागांवर तर अजिबात जाऊ नका, चहाच्या पाण्याने कुणीही कार्ड जुनं करतो.

कडाकोपरे: रुंदीबद्दल. नेहमीचं माप १ ७/१६ × २ ५/८ इंच, म्हणजे साधारण ३६.५ × ६६.७ मिमी. कारखान्यातच थोडं कमीजास्त कापलं जायचं. अमेरिकन ब्युटीची कार्डं तर मुळातच जरा अरुंद असतात, तेव्हा नुसत्या रुंदीवरून निकाल देऊ नका. कार्ड तिरप्या उजेडात धरून चारही कडा एकमेकींशी ताडून बघा. कोपरे झिजून गोल झालेत आणि एकच कड पांढरी, धारदार आहे, तर तिथे पातं फिरलंय. हे नामांकित कार्डांच्या बाबतीतही घडलंय: पीएसए या ग्रेडिंग कंपनीने दहापैकी ८ ग्रेड दिलेलं, होनस वॅगनर या खेळाडूचं प्रसिद्ध कार्ड आपण कापलं होतं, अशी कबुली लिलाववाला बिल मास्ट्रोने २०१३मध्ये दिली.

जर्सीकर: आभार! काळा कागद खरवडून काढू का? त्याच कार्डावर पेनाने काहीतरी लिहिलंयही.

भिंगवाले: खरवडू नका, कागदाबरोबर पाठीची छपाईही निघून येते. एरवी डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवतात. गोंद सुटला की कागद आपसूक सरकतो. ओढायचा नाही, सुटत नसेल तर पाणी बदलून पुन्हा ठेवायचं. नंतर टीपकागदांत घालून वर जड पुस्तकं ठेवायची आणि ओले टीपकागद बदलत राहायचं. वजन लवकर काढलं की कार्ड वाकतं. छपाईची शाई साध्या पाण्याने हलत नाही, पण पेनाची शाई पसरून पुठ्ठ्यात मुरू शकते. म्हणून हे कार्ड बुडवू नका. कागद असू द्या आणि भाव त्या हिशेबाने पाडून मागा.

कडाकोपरे: घेतलीत तर लगेच मऊ स्लीव्हमध्ये घाला, मग टॉपलोडरमध्ये (कडक प्लास्टिकचं पाकीट). दोन्ही टी-२०६च्या मापाची मागवा. आजच्या कार्डांच्या स्लीव्हमध्ये ही छोटी कार्डं सरकतात आणि कोपरे मार खातात. पीव्हीसीची पानं टाळा.