व्हीएस कोडमध्ये (कोड लिहायच्या एडिटरमध्ये) माऊस सोडायचा का?

कोरांटी
अ‍ॅपच्या मराठी भाषांतराची जेसॉन फाईल आहे, ४०० ओळींची. डावीकडे इंग्रजी 'की' (वाक्याचं खूणनाव), उजवीकडे मराठी वाक्य. सलग साठेक ओळींत कीच्या सुरुवातीचं 'होम_' काढून 'मेन_' करायचंय. शिफ्ट+ऑल्ट धरून माऊसने उभा पट्टा सिलेक्ट केला की कीबोर्ड मराठी होतो आणि भलतंच उमटतं. मराठी वाक्यांवर तर पट्टा वाकडातिकडा जातो. विंडोज ११ आहे. टीममधले म्हणतात, माऊसला हातच लावू नका. पटत नाही.

पारंबी
भाषा बदलते ती विंडोजमुळे. डावं ऑल्ट+शिफ्ट हा तिथे भाषा बदलायचाच शॉर्टकट आहे. तिसरी कळ न दाबता दोन्ही सोडल्या की तो लागू होतो, आणि माऊसचं बटण कळीत मोजलं जात नाही. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, मग इनपुट लँग्वेज हॉट कीज. तिथे 'चेंज की सीक्वेन्स' उघडून 'नॉट असाइन्ड' निवडा. भाषा बदलायला विंडोज+स्पेस आहेच.

पट्ट्याचं म्हणाल तर देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसते. मराठी मजकुरावर उभं सिलेक्शन वापरूच नये.

खडूफळा
या कामाला कीबोर्डच बरा. त्या साठ ओळी सिलेक्ट करा, कंट्रोल+एफ, मग ऑल्ट+एल म्हणजे शोध तेवढ्याच ओळींत राहील. 'होम_' लिहा, ऑल्ट+एंटर दाबा, सगळीकडे एकदम कर्सर येतात. टाइप करा, एस्केप दाबा.

कंट्रोल+डीनेही होतं, पण एक खोच आहे. शब्दावर नुसता कर्सर ठेवून दाबलं तर अंडरस्कोरसकट अख्खी की धरली जाते आणि पुढे अख्खा तोच शब्द शोधला जातो, म्हणून बाकीच्या ओळी सापडत नाहीत. आधी शिफ्ट+बाणाने फक्त 'होम_' सिलेक्ट करा. नको असलेली जागा आली तर कंट्रोल+के, कंट्रोल+डी. चुकून जास्तीची धरली गेली तर कंट्रोल+यू. कंट्रोल+शिफ्ट+एल मात्र टाळा, ते फाईलभर सगळं पकडतं.

मोरपंखी
माऊसला हातच लावायचा नाही हे मलाही पटत नाही. विखुरलेल्या चार-पाच जागी कर्सर हवा असेल तर ऑल्ट+क्लिकइतकं सोपं काही नाही. दुसऱ्याचा कोड वाचताना एखाद्या नावावर कंट्रोल+क्लिक करून त्याच्या व्याख्येवर जायचं, ऑल्ट+डावा बाण दाबून परत यायचं. वेळ जातो तो टाइप करता करता दर दोन शब्दांनी हात माऊसकडे नेण्यात. तेवढी सवय मोडा: शब्दाशब्दाने कंट्रोल+बाण, ओळ हलवायला ऑल्ट+वरचा किंवा खालचा बाण, ओळ उडवायला कंट्रोल+शिफ्ट+के.

मराठी वाक्यांची दुरुस्ती मात्र कीबोर्डनेच करा. 'कि'मधला 'क' आणि वेलांटी यांच्यामध्ये क्लिक करून कर्सर बसत नाही. अक्षरानंतर कर्सर ठेवून बॅकस्पेस दाबलं तर फक्त वेलांटी जाते, लगेच दीर्घ लिहिता येते. अक्षराच्या आधी कर्सर ठेवून डिलीट दाबलं तर दोन्ही जातात.