उलट दिशेने परत आल्यावर सरासरी वेग कसा काढायचा?

प्रश्न: गाडी सरळ रस्त्यावर पूर्वेकडे ६० किमी/तास वेगाने २ तास जाते, मग वळून पश्चिमेकडे ४० किमी/तास वेगाने १ तास. नववीतली काही मुलं उत्तर ५० काढतात, काही १०. उत्तरसूचीत २६.६७ आहे. त्यांना नेमकं कसं समजवावं?

उत्तर १: वेगांची बेरीज-वजाबाकी करूच देऊ नका, आधी विस्थापन (सुरुवातीच्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतचं सरळ अंतर, दिशेसह) काढायला लावा. पूर्व दिशा धन धरा.
पहिला टप्पा: +६० × २ = +१२० किमी
दुसरा टप्पा: −४० × १ = −४० किमी
विस्थापन +८० किमी, वेळ ३ तास. ८० ÷ ३ = २६.६७ किमी/तास, पूर्वेकडे. दिशा लिहिली नाही तर उत्तर अर्धवटच. आणि ऋण चिन्ह वेगाला आणि विस्थापनाला, वेळेला कधीच नाही. परतीचा तास वजा करून ८० ÷ १ करणारी मुलंही असतात.

उत्तर २: १० का चुकतं हेही दाखवा. (६० − ४०) ÷ २ हे दोन्ही टप्प्यांना सारखाच वेळ लागला असेल तरच चालतं. इथे पूर्वेकडचा वेळ दुप्पट आहे. ५० तर सरासरी चालसुद्धा (दिशा न बघता एकूण अंतर ÷ एकूण वेळ) नाही! चाल = १६० ÷ ३ = ५३.३३ किमी/तास.

उत्तर ३: लगेच पुढचं गणित द्या: १२० किमी ६० ने जाऊन त्याच वाटेने ४० ने मूळ जागी परत. वेळ २ + ३ = ५ तास, वेग शून्य, चाल ४८. वळण्याआधी अर्धा तास थांबा घेतला तर तोही वेळेत धरायचा: २४० ÷ ५.५ = ४३.६४. वेग मात्र शून्यच.