अनुभव धागा: शाळेतला कॅबरे

गेल्या शुक्रवारी लेकीच्या हायस्कूलमध्ये कॅबरे नाइट झाली. आईला फोनवर सांगितलं, तर पलीकडे शांतता. मग हळूच, "अगं, शाळेत? कॅबरे?" तिच्या डोळ्यांपुढे थेट हेलन. (तिला तरी काय म्हणायचं, आपल्यालाही हा शब्द हिंदी सिनेमानेच शिकवला.)

इथे अमेरिकेतल्या शाळांत कॅबरे म्हणजे नाटक नाही आणि गॅदरिंगही नाही. आमच्या शाळेत कॅफेटेरियात गोल टेबलं मांडली होती, त्यांवर काळे कापड आणि सेलवरच्या मेणबत्त्या. कोपऱ्यात पियानो आणि एकच माइक. मुलं एकेक करून येतात नि गातात, बहुतेक ब्रॉडवेची गाणी. मधूनमधून दोन पोरं सूत्रसंचालनाच्या नावाखाली भयंकर विनोद करतात. आपण खात-पीत ऐकायचं. १८८१ मध्ये पॅरिसच्या माँमार्त्रमध्ये 'ल शा न्वार' नावाचं कॅबरे सुरू झालं, तिथेही असंच टेबलांमध्ये बसून कवी-गायकांना ऐकत. शाळेत पेल्यात लिंबूपाणी असतं, एवढंच.

तुम्ही पाहिलाय का असा कार्यक्रम? लिहा. नसेल तर गॅदरिंगचं लिहा, चालेल.

न्यू जर्सी, दोन मुलांची आई

मी तीन वर्षं गेले, पण धड एकही गाणं ऐकलेलं नाही! कारण मी कायम खाऊच्या टेबलामागे. आमच्याकडे हा कार्यक्रम कॉयरच्या (शाळेच्या गायनवृंदाच्या) सहलीसाठी पैसे जमवायला असतो, त्यामुळे तिकीट, गोड पदार्थ, बास्केटचा लिलाव, सगळं पालकांच्या गळ्यात. एका वर्षी मी शंकरपाळ्या नेल्या. घटकपदार्थांची चिठ्ठी लावावी लागते, ती लावली, शेंगदाणे नाहीत हे मोठ्या अक्षरांत लिहिलं. एका मुलाने विचारलं, हे चुरोचे (तळलेला गोड स्पॅनिश पदार्थ) तुकडे आहेत का? मी हो म्हटलं. मध्यंतरापर्यंत डबा रिकामा. पुढच्या वर्षी समितीने मला "ते चुरो" आणायला सांगितलं.

सांगली, सध्या मुलाकडे टेक्सासला

मी आजोबा या नात्याने लिहितो. नातू सोळा वर्षांचा. घरात "हो", "नाही" आणि "भूक लागली" याखेरीज शब्द नाही. तो एकटा माइकपुढे उभा राहिला तेव्हा माझ्याच तळहाताला घाम. आम्ही अगदी पुढच्या टेबलावर, त्याच्यापासून फार तर आठ फुटांवर. तो गाण्याआधी श्वास घेतो, तोही ऐकू येत होता.

दुसऱ्या कडव्याला तो शब्द विसरला. आता इथे माझा जीव गेला, पण पियानोवरच्या बाईंचा नाही. त्यांनी तेच चार ठोके पुन्हा वाजवले, पुन्हा वाजवले, त्याच्याकडे बघत, चेहऱ्यावर काही नाही. तिसऱ्या फेरीला पोराला शब्द सापडला आणि गाडी पुढे. लोकांना वाटलं, गाणंच तसं आहे. मी तरुणपणी गावच्या संगीत नाटकांत पेटीवर बसायचो. नट पदात अडकला की आम्हीही असंच मुखड्याभोवती फिरत राहायचो, तो परत येईपर्यंत. रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर हे होत नाही. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. कार्यक्रम संपल्यावर मी नातवाच्या आधी त्या बाईंना भेटलो. इंग्रजी सुचेना, म्हणून नमस्कार केला.

कॉलेजात आहे, शाळेत असताना बॅकस्टेजला

आजोबा, त्याला 'व्हॅम्प' म्हणतात! स्टेज मॅनेजर असताना मी माझ्या कागदावर ज्यांची धाकधूक होती त्या गाण्यांपुढे व्ही लिहून ठेवायचे. माझं मराठी लिहिणं कच्चं आहे, सॉरी. काळे कपडे, हेडसेट, आणि "पाच मिनिटं" असं ओरडलं की सगळ्यांनी "थँक यू, पाच" म्हणायचंच, म्हणजे ऐकलं हे कळतं. अजून आईने "जेवायला पाच मिनिटात ये" म्हटलं की तोंडून तेच येतं.

ठाणे, शिक्षिका

वाचायला छान वाटतंय, पण गॅदरिंगची बाजू मांडते. आमच्याकडे एका नाचात चाळीस मुलं असतात. तिसऱ्या रांगेतलं मूल कुणाला दिसत नाही, ट्रॅक कर्कश्श, पालक मोबाइल वर करून उभे, सगळं मान्य. पण आमच्याकडे वर्गातला प्रत्येक जण स्टेजवर येतो. झाड होऊन का होईना. तुमच्याकडे निवड चाचणी असते ना? मग न निवडलेल्यांचं काय?

कॅलिफोर्निया

ठाण्याच्या बाईंना उत्तर: न निवडलेली माझ्या घरात आहे. दोन आठवडे एकच गाणं बाथरूममध्ये घोटलं, आम्हा सगळ्यांना पाठ झालं. यादी दारावर लागली, त्यात नाव नाही. वर तिलाच दारात तिकिटं फाडायचं काम दिलं. मी म्हटलं, जाऊ नकोस. ती गेली. तिच्याऐवजी निवडलेल्या मुलीने तेच गाणं म्हटलं तेव्हा ती दाराशी उभी राहून ओठ हलवत होती. मला आजही त्या निवडीचा राग आहे, तिला नाही. यापेक्षा मला झाडाचा रोल चालला असता, बाई.

पुणे

कॅबरे पाहिलेला नाही. पण आठ फुटांवरून गाणं, गाणाऱ्याने नजरेला नजर देणं, समोरच्याच्या चेहऱ्यावर बघून ओळ पुन्हा घेणं... हे वाचताना मला बैठकीची लावणी आठवली. कल्पना करा, ही तुलना कुणी पालकसभेत केली तर!

धागा काढणारी

पालकसभेत नकोच. :)

शेवटचं गाणं बारावीच्या मुलांचं असतं, सगळ्यांचं मिळून, हातात एकेक गुलाब. पहिल्याच ओळीला दोघी रडायला लागल्या आणि उरलेल्यांनी बेसूर होत ते कसंबसं पार पाडलं. लगेच दिवे लागले, कारण खुर्च्या घडी करून टेबलं जागेवर लावायची होती. मस्कारा गालावर ओघळलेला आणि हातात चार-चार खुर्च्या.

लेकीच्या गाण्याचा व्हिडिओ आईला पाठवला होता. आज तिचा फोन आला. "एवढंच होय? आणि मी आठवडाभर तुझ्या बाबांना कळू दिलं नव्हतं."